नीळकंठाचा उपास

श्रावणातला दुसरा सोमवार. दिवेलागण झाली होती. पाट मांडले होते, ताटं वाढली होती, नरहरी हात धुऊन पाटावर बसलेही होते, आणि मंगला माशांच्या टाकीसमोर जी उभी राहिली ती तिथेच खिळली. चिमटीतले दाणे चिमटीतच राहिले.

निळा मासा तांबड्या माशाला मारत होता.

खेळात एकमेकांमागे धावतात तसं ते नव्हतं. कल्ले फुगवून, पिसारा उभारून तो अंगावर जात होता. तांबडा मासा फिल्टरच्या नळीमागे कोपऱ्यात दबून बसला होता आणि त्याच्या शेपटीच्या चिंध्या पाण्यात हलत होत्या.

"अहो, इकडे या. अहो!"

मंगलाचा चढलेला आवाज नरहरींनी बत्तीस वर्षांच्या संसारात दोनतीनदाच ऐकला असेल. ते पाटावरून उठले तेच चष्मा शोधत.

"काय झालं? पाल आहे का?"

"हा नीळकंठ त्याचा जीव घेतोय."

नीळकंठ हे नाव तिनेच ठेवलेलं. टाकी मुलाची, केदारची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि टाकी बोईसरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मागे राहिली. चार काळ्या मोली, पाच चमकत्या रेघेचे टेट्रा, काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा एक सकर, आणि हा निळा फायटर. तांबडा मात्र नवा. ज्येष्ठात नरहरींनी स्टेशनजवळच्या भावेशच्या दुकानातून आणला. निळा एकटाच राजासारखा फिरतो, त्याला सोबत हवी, एवढाच त्यांचा विचार.

"असू दे," नरहरी टाकीत वाकून म्हणाले. "पुरुषमंडळींची भांडणं. उद्या मिटतील. तू दाणे टाक आणि जेवायला बस. दिवसभराची उपाशी आहेस."

मंगलाने दाणे टाकले. ते टाकायचीही तिची रीत होती. केळव्याला तिच्या भावाची पानवेलीची वाडी आहे. तिथून बोईसरला कामाला येणाऱ्या कुणाच्यातरी हाती दर शुक्रवारी विड्याची पानं यायची. त्यातलं मोठं, न फाटलेलं एक पान ती टाकीच्या पाण्यावर सोडायची आणि त्यावर दाणे ठेवायची. कुणालाही जेवायला वाढायचं तर पानावर वाढावं, माशांना झालं म्हणून काय झालं. आठवडाभर तेच पान तरंगायचं. पुढच्या शुक्रवारी ते निर्माल्यात आणि नवं पाण्यावर.

मोली आल्या, टेट्रा आले, टपाटप दाणे उचलून गेले. सकर काचेवर आपला रवंथ करत होता. तांबड्या माशाच्या पुढ्यात तिने एक दाणा अलगद सोडला, तो त्याने घाबरत घाबरत गिळला. नीळकंठाने दाण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पानाच्या खाली जाऊन तो उभा राहिला, आणि एक मोली जवळ येताच तिच्या अंगावर गेला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. दाणा फुगून बुडाला. मंगलाने दुसरा टाकला. तोही बुडाला.

"मंगला, आमटी निवली."

"तुम्ही जेवा," ती हळूच म्हणाली. "हा जेवला नाही अजून."

नरहरींचा घास हातातच राहिला. आता त्यांच्या लक्षात आलं.

मंगला दर चातुर्मासात एक नियम धरायची. लग्न झाल्याच्या पुढच्या वर्षापासून, यंदाचं एकतिसावं वर्ष. एका वर्षी अळणी, एका वर्षी जेवताना मौन, एका वर्षी रोज एक हजार जप झाल्याशिवाय चहासुद्धा नाही. केदारच्या वेळी सातवा महिना होता तेव्हाही तिने नियम सोडला नव्हता. सासूबाई म्हणायच्या, हिला दुसरं काही मागता येत नाही, पण देवाला दिलेला शब्द पाळता येतो. यंदा आषाढी एकादशीला देवापुढे हात जोडून ती म्हणाली होती: या घरातल्या प्रत्येक मुक्या जिवाच्या पोटात घास गेल्याशिवाय मी घास घेणार नाही. पाणी आणि बिनसाखरेचा चहा, एवढीच मोकळीक. घरात मुके जीव ते हेच अकरा, बारावा सकर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा सगळ्यांची तोंडं हललेली बघायची आणि मग आपण बसायचं. नरहरींनी तेव्हा थट्टाही केली होती, की तो सकर जेवला की नाही कसं कळणार, त्याला विचारणार का? ती शांतपणे म्हणाली होती, त्याचं पोट काचेवर दिसतं.

एवढे दिवस सगळं सुरळीत चाललं. मासे काय, दाणे पडायचा अवकाश. एखादा जेवणारच नाही, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मंगला उपासानंतरही उपाशीच उठली.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. बाकी सगळे जेवले, नीळकंठ पानाखालून हलला नाही. मंगलाने दाणा बोटावर धरून त्याच्या तोंडापाशी नेला. त्याने तिच्या बोटालाच धडक दिली. ती दचकून मागे झाली. एवढासा जीव, आणि त्या धडकेत केवढा राग!

"आजारी असेल," नरहरी म्हणाले. "आजाऱ्याला कोण जबरदस्ती करतं? तू घातलंस, त्याने खाल्लं नाही. तुझं काम झालं."

"मी देवाला 'घालीन' म्हटलं नव्हतं. पोटात गेल्याशिवाय, असं म्हटलं होतं."

"एक केळं खा. केळं म्हणजे काही जेवण नव्हे."

"घास तो घासच."

"अगं, साखर आहे तुला! पालघरच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? पोट रिकामं ठेवायचं नाही."

ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. नरहरींनी तिची साखरेची गोळी डबीतून काढून आपल्या शर्टाच्या खिशात टाकली. रिकाम्या पोटी गोळी गेली तर आणखी अनर्थ व्हायचा.

दहाच्या सुमाराला मुरबे गावची नलू आली. वीस वर्षं ती या भागात मासळी विकते. श्रावणात नरहरी राऊतांच्या दारी काही खपत नाही हे तिला ठाऊक, पण पाटी खाली जिन्यापाशी ठेवून, पाय धुऊन ती वर यायचीच. पाणी प्यायची, सुपारीचं खांड तोंडात टाकायची, गावाच्या चार गोष्टी सांगून जायची.

"वैनी, तोंड का गं उतरलंय? दादांशी भांडलीस काय?"

"नाही गं. जेवले नाही परवा रात्रीपासून."

"आनि दादा जेवले?"

"ते जेवले."

"मंग भांडलीच अशील."

मंगलाला हसू आलं आणि त्यातच सगळं सांगून झालं. नलूने कपाळावर हात मारला. "मासा जेवंना म्हनून बाय जेवंना! आमी जल्मभर मासं खाल्लं, माशापायी उपाशी रायलेली तूच पयली. बगू दे तुझा तो पावना."

ती टाकीसमोर उकिडवी बसली. चष्मा नाही, काही नाही, पण मासळीवरची तिची नजर घारीची. पानाखाली पांढऱ्या फेसाचा एक थर लागला होता. मंगलाने तो बघितलाच नव्हता असं नाही. पाण्याला घाण सुटली असेल असं तिला वाटलं होतं. इथल्या पाण्याचं काय सांगावं, कारखान्यांच्या शेजारचं गाव.

नलू काचेला आणखी जवळ सरकली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"आगं बाय."

"काय गं?"

"वैनी, फेस नाय तो नुसता. त्यात बग. बारीक, पांडरं, खसखशीवानी. ही गाबोळी हाय."

"गाभोळी?"

"अंडी! पोट फाडून रोज काडते मी, मला नाय कळनार? पन अशी पान्यात मांडून ठिवलेली या जल्मात पयल्यांदा बगते."

मंगला खाली बसली. गुडघे टेकून, पदर सावरून तिने काचेला डोळे लावले. आधी काही दिसेना. मग एक दिसलं. मग दुसरं. मग एकदम शंभर दिसली. बुडबुड्याबुडबुड्यांत एकेक पांढरा ठिपका. तेवढ्यात एक ठिपका सुटून खाली पडू लागला. नीळकंठाने झेप घेतली, तोंडात धरला, वर आला आणि फेसात नेऊन ठेवला. अगदी हलक्या तोंडाने.

"म्हणजे तो तांबडा..." मंगलाला पुढे बोलवेना.

"मादी ती. आनि ह्यो बाप. बापच हाय, बग कसा राखतोय!" नलू हसायला लागली. "आमचा दादला महादू पोर पाळन्यातनं पडलं तर मला हाक मारायचा, नलू, पोर पडलं गं! उचलायचा नाय. आनि ह्यो बग. दादा, ओ दादा! घरात लगीन लावलंत आनि वैनीला पत्रिका नाय दिली?"

नरहरी पेपर घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणी भर बाजारात त्यांचं नाव घेऊन हाक मारली.

"मला वाटलं नर आहे," ते पुटपुटले.

मंगलाचं लक्ष तिकडे नव्हतं. पानाच्या कडेने एक मोली आली होती. नीळकंठ दुसरीकडे वळला त्या क्षणात तिने फेसात तोंड घातलं आणि टपकन काहीतरी उचललं. मग दुसरी आली. ज्या मोलींना ती रोज पान मांडून वाढत होती त्या तिच्या डोळ्यांदेखत ती पोरं खात होत्या. मंगलाने काचेवर हात आपटला. त्याने काय होणार? मोली गेल्या आणि परत आल्या.

"अहो, भावेशला बोलवा," ती म्हणाली. "आत्ता. दुकान बंद करून ये म्हणावं."

भावेश दुपारी आला. हातात दोन बादल्या, गळ्यात मोबाईल. टाकीत एक नजर टाकली आणि त्याचे डोळे विस्फारले.

"काकी, हे तर जमतच नाही कधी! एवढ्या माशांत फायटरची अंडी? लोक वेगळी टाकी ठेवतात, महिना महिना बसतात, तरी होत नाही. तुम्ही काय केलं?"

"मी काही केलं नाही रे बाबा."

"पान कोणी टाकलं?"

मंगला हळूच म्हणाली, "मी."

"बस, मग झालं. ह्याला फेस बांधायला वर काहीतरी आडोसा लागतो. तुम्ही छप्पर घालून दिलं."

"आणि मादी कोणी विकली?" नरहरींनी राग काढायला जागा शोधली.

"काका, मी बोललो होतो ना, फीमेल आहे, एकत्र नका ठेवू. तुम्ही फोनवर बोलत होता. हां हां म्हणाला."

नरहरींनी खिडकीबाहेर पाहिलं.

भावेशचे हात झपाझप चालत होते. मोली एका बादलीत, टेट्रा दुसरीत, सकरही तिथेच. फाटक्या शेपटीची तांबडी त्याने वेगळ्या बरणीत काढली आणि पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकले. फिल्टर बंद केला, पाणी निम्म्यावर आणलं, वर प्लॅस्टिक पसरलं. एवढ्या मोठ्या टाकीत आता एकटा नीळकंठ आणि वर ते पान.

"आधी पण असा फेस यायचा का, काकी?"

मंगला चपापली. आला होता. गेल्या महिन्यात दोनदा. शुक्रवारी पान बदलताना खाली चिकट फेस लागला होता, तेव्हा तिने पान तसंच उचलून तुळशीच्या कुंडीत टाकलं होतं आणि काठाचा फेस फडक्याने पुसून घेतला होता. स्वच्छ करते आहोत या समाधानात.

"त्यात... त्यात पण असतील का?"

"रिकामं असेल. नर आधी नुसतं बांधून ठेवतो. असेल रिकामंच."

असेल. तो एक शब्द मंगलाच्या छातीत जाऊन बसला. तुळस गॅलरीत होती. तिकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

"आता सांग," नरहरी मूळ मुद्द्यावर आले. "हा खाणार कधी?"

"कोण? नर? तो नाही खाणार. पोरं फुटेपर्यंत, पोहायला लागेपर्यंत तोंडात काही घेत नाही. म्हणजे काही नर खातात, पण हा नाही खात असं दिसतंय. शुक्रवार धरा. शनिवारपण होईल."

नरहरी मटकन खुर्चीत बसले. "शनिवार?"

भावेशला नियमाची गोष्ट ठाऊक नव्हती. ती ऐकल्यावर तो हसायला गेला, पण मंगलाचा चेहरा बघून थांबला. "उपाय आहे ना, काकी. टेन्शन नका घेऊ. ह्याला पण बरणीत काढतो. अंडी दिसली नाहीत की दोन-चार तासांत भूक लागते. संध्याकाळपर्यंत जेवेल."

"काढ," नरहरी उठलेच.

"पण मग अंडी गेली, काका. पडलं की उचलणारा हाच. खाली राहिलं की बुरशी धरते, मरतं."

नरहरींनी बायकोकडे पाहिलं. मंगलाने नुसती मान हलवली. नाही.

मंगळवारची रात्रही तशीच गेली. तिने दोनदा चहा घेतला. बादलीतल्यांना, बरणीतल्या तांबडीला घातलं, ती सगळी जेवली. बाराजणांत एकटा तो. नरहरींनी केदारला फोन लावून दिला, त्याने आईला समजावलं, रागावला, शेवटी रडकुंडीला आला. ती प्रत्येक वाक्याला "हो रे" म्हणाली आणि फोन ठेवून देवापुढे जाऊन बसली. काय बोलली ते देवालाच ठाऊक.

बुधवारी सकाळी आंघोळ करून येताना मंगलाला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कपाळावर घाम, हातपाय गार. पूजा तिने बसूनच केली. गंध उगाळताना सहाण हातातून निसटली. नरहरींनी तिला धरून दिवाणावर टेकवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. आमटी-भाताशिवाय त्यांना काही येत नव्हतं, तेच करायला घेतलं. आतून भांड्यांचे आवाज येत होते आणि मधूनच त्यांचं बडबडणं. "एकतीस वर्षं. एकतीस वर्षं या बाईने... आणि अडलं कुठे, तर बोटाएवढ्या माशापाशी."

दिवाण टाकीसमोरच होता. मंगला कुशीवर होऊन बघत राहिली.

दुपारी बाराच्या सुमाराला तिला वाटलं आपल्याला भोवळ येते आहे, कारण फेस हलत होता. मग कळलं, भोवळ नव्हे. प्रत्येक बुडबुड्याखाली एक बारीकशी शेपटी लोंबत होती. केसाएवढी. अशा किती, मोजता येईनात. त्या सगळ्या थरथरत होत्या.

"अहो," तिने हाक मारली. "जन्मली."

नरहरी पळी हातात घेऊन आले. आणि दोघांनी ते एकदमच पाहिलं.

एक पिल्लू फेसातून सुटलं. वळवळत खाली गेलं. नीळकंठ त्याच्यामागे गेला, तोंड उघडलं, आणि पिल्लू तोंडात गेलं. तोंड मिटलं.

"खाल्लं!" नरहरी ओरडले. पळीतली आमटी फरशीवर सांडली. "मंगला, खाल्लं त्याने! तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ना? घास गेला पोटात! ऊठ, ऊठ, तुझा नियम झाला, मी ताट वाढतो..."

मंगला उठून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांना तेव्हा ऐकू आलं.

"पोर खाल्लं त्याने," ती म्हणाली. ओठ नुसते हलत होते. "आणि त्यावर मी जेवू?"

तिने डोळे मिटून घेतले. दोन दिवस उपाशी बसून तिने राखलं ते हेच का? पानही आपलं, छप्परही आपलं, आणि बाप असा. देवा, हे मला दाखवायला मला हा नियम घ्यायला लावलास का?

"मंगला," नरहरींचा आवाज अगदी वेगळा होता. "मंगला, बघ. बघ तरी."

तिने डोळे उघडले. नीळकंठ फेसापाशी गेला होता. त्याने तोंड उघडलं. आतून एक बुडबुडा आला आणि त्याच्यासोबत ती केसाएवढी शेपटी, वळवळत, जिवंत. त्याने ती नीट फेसाला लावली. मग दुसरी पडली. तो तिच्यामागे गेला. मग तिसरी. एकेक वेळी चार-चार तोंडात घेऊन तो वर येत होता आणि एकही गिळत नव्हता. सोमवार सकाळनंतर त्याच्या पोटात कण नव्हता. पोट खपाटीला गेलेलं दिसत होतं. आणि तोंडात तर मावेनात इतके घास.

मंगलाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तिने त्या पुसल्या नाहीत.

पण ती रडत असतानाच तिचं शरीर थरथरायला लागलं. दात वाजले. नरहरींनी हात धरला तर बर्फ. त्यांनी पळी टाकली, टाकीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि भावेश ठेवून गेलेली छोटी जाळी उचलली.

"काय करताय?"

"काढतो ह्याला." त्यांनी बाह्या वर सारल्या. "बरणीत घालतो. खाईल दोन तासांत. मला मासे नकोत, मंगला. मला पोरं नकोत त्यांची. मला तू हवीस. पाप लागायचं ते माझ्या माथी लागू दे."

जाळी पाण्याला लागली. नीळकंठ पळाला नाही. तोंडात पोरं घेऊन तो जाळीसमोर उभा राहिला, कल्ले फुगवून. फुगवता येत नव्हते नीट, तोंड भरलेलं होतं. तरी उभा राहिला.

"जाळी ठेवा," मंगला म्हणाली.

"नाही ठेवणार."

"अहो, जाळी ठेवा. आणि ताट वाढा."

नरहरींना वाटलं तिला भ्रम झाला. "कोणाला?"

"मला."

"पण तो..." त्यांनी टाकीकडे बोट केलं. गेले दोन दिवस जे म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला होता, तेच ऐकून त्यांचे पाय जमिनीला चिकटले. "तो जेवला नाही अजून."

"माहीत आहे. दिसतंय मला." ती भिंतीला टेकून सावकाश बोलली, एकेक शब्द तोलून. "मी उपाशी आहे म्हणून तुम्ही त्याला काढायला उठलात. माझ्या नियमापायी ती पोरं बुडायची. मग तो नियम कशाचा राहिला? माझा हट्ट झाला. वाढा तुम्ही."

"एकतीस वर्षांचं..."

"हो. मोडलं."

ती एवढं साधं बोलली की नरहरींना तिच्याकडे बघवेना. सहाण फुटली असती तर तिने जास्त हळहळ केली असती. ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथे जाऊन काय करायचं ते विसरले. ताट घेतलं, वाटी विसरली. भात वाढला तो गोळाच पडला. पाणी आणलं ते तिच्या ताटाजवळ न ठेवता स्वतःच प्यायले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला उपाशी बघितलं होतं, आजारी बघितलं होतं, आपल्या आईच्या दुखवट्यात बघितलं होतं. नियम मोडताना कधी बघितलं नव्हतं. ती आपलीच बायको आहे ना, असा काहीतरी वेडा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

मंगला धरून धरून खाली आली आणि टाकीसमोरच पाटावर बसली. पदर खांद्यावरून घेतला. देव्हारा तिथून दिसत होता. तिने हात जोडले आणि मोठ्याने, कोणाला तरी तोंडावर सांगावं तसं म्हणाली, "मी शब्द दिला होता, तो माझ्याने पाळला गेला नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. त्या पोरांना नको."

मग ताटाभोवती पाणी फिरवलं. पहिला घास तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला. हात पुढे जाईना. एकतीस वर्षं तो हात असाच थांबायला शिकला होता. तिने डोळे वर केले. काचेपलीकडे नीळकंठ पुन्हा खाली गेला होता, पुन्हा वर येत होता.

तिने घास तोंडात घातला. तो बराच वेळ चावला. दुसरा घातला. तिसरा सहज खाली उतरला.

नरहरी समोर उभे होते ते उभेच. हातात आमटीचं पातेलं, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी की घाम काही कळत नव्हतं.

"बघताय काय असे?" मंगला म्हणाली. "आमटी वाढा. आणि मीठ आणा, विसरलात तुम्ही घालायला."